अफगाण मुलगा पुण्यात, आई जर्मनीत : कागदपत्रांबाबत मदत हवी

कोंढव्याची_शेजारीण

नमस्कार. इथे शिक्षणाचा व्हिसा, ग्रीन कार्ड, ओसीआय यांवर ढिगाने धागे आहेत, पण मला हवं ते कुठेच सापडेना, म्हणून नवा धागा काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

आमच्या सोसायटीत एक अफगाण मुलगी भाड्याने राहते. काबूल पडायच्या आधीपासून पुण्यात शिकतेय, सध्या पीएचडी चालू आहे. तिच्याबरोबर तिच्या मोठ्या बहिणीचा मुलगा राहतो. नावगाव मुद्दाम सांगत नाही, कृपया विचारू नका.

हा मुलगा २०२१ च्या उन्हाळ्यात आजोबांबरोबर दिल्लीला आला. आजोबांच्या हृदयावर उपचार करायचे होते, औषधं आणायला, रांगेत उभं राहायला कुणीतरी हवं म्हणून बारा वर्षांचा नातू बरोबर. १५ ऑगस्टला काबूल पडलं आणि परतीची तिकिटं तशीच राहिली. पुढच्या हिवाळ्यात आजोबा दिल्लीतच गेले. मावशीने जाऊन त्याला पुण्याला आणलं. आता तो सोळा पूर्ण आहे, यंदा दहावीला बसतोय.

त्याची आई धाकट्या मुलीला घेऊन इराण, तुर्कस्तान करत करत जर्मनीला पोचली. वडील जुन्या सरकारच्या सैन्यात कारकून होते. २०२१ च्या शेवटापासून त्यांचा पत्ता नाही. आईला जर्मनीत निर्वासित म्हणून मान्यता मिळाल्याचं पत्र नुकतंच आलंय. तेव्हापासून वर रोज रात्री व्हिडिओ कॉलवर रडारड चालू आहे.

आता मुलाला जर्मनीला आईकडे पाठवायचंय, आणि त्यात अडचणी. मुलाच्या पासपोर्टची मुदत संपलीय. वडिलांची संमती मागतात असं ऐकलं, ती आणायची कुठून? पुणे कॅम्पातला एक एजंट "सगळं करून देतो" म्हणून लाखांत पैसे मागतोय. आणि मावशीला त्याच्याबरोबर जाता येईल का? माझं जर्मन शून्य आहे आणि कायद्याचं ज्ञान मृत्युपत्रापुरतं. कुणी यातून गेलंय का?

सरळसोट

ताई, राग मानू नका. पुणे स्टेशनवर आपली मुलं झोपतात, त्यांच्यासाठी कुणी धागा काढत नाही. दुसरं, भारताने निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. मग ही मंडळी इथे राहतात ती कोणत्या कायद्याने? उगाच तुमच्या दारात पोलीस यायचे.

मध्यरात्रीचा_चहा

स्टेशनवरच्या मुलांसाठी तुम्ही काढा की धागा, आम्ही प्रतिसाद देऊ. वाचतोय.

काळा_कोट

सरळसोट यांचा दुसरा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी तो.

१९५१ चा करार आणि १९६७ चा प्रोटोकॉल भारताने स्वीकारलेला नाही, हे खरं. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ लोकांची व्यवस्था सरकार स्वतः बघतं. अफगाण, म्यानमारचे लोक वगैरेंची नोंदणी यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, करते. त्यांच्या कार्डाने नागरिकत्व मिळत नाही की व्हिसाही मिळत नाही, पण "हा माणूस संरक्षण मागतोय" याची ती नोंद असते आणि व्यवहारात तिला वजन असतं. या मुलाचं कार्ड आहे का, ते कळवा.

पण भारताने १९९२ मध्ये बालहक्कांच्या करारावर मोहोर उमटवली आहे, आणि इथे तोच कामाचा. त्याच्या कलम १० प्रमाणे कुटुंबाच्या पुनर्मीलनाचे अर्ज सरकारांनी माणुसकीने आणि विनाविलंब हाताळायचे आहेत. कलम २२ निर्वासित मुलांबद्दलच आहे, आईवडिलांचा शोध घ्यायला मदत करा असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं संरक्षण मिळायला मूल भारतीय नागरिक असावं लागत नाही. तेव्हा शेजारीणताईंनी मदत केली म्हणून कुणी दार ठोठावणार नाही. फक्त २०२५ च्या नव्या परकीय नागरिक कायद्यानुसार घरमालकाने परदेशी भाडेकरूची माहिती कळवलेली असावी, तेवढं बघून घ्या. पुण्यात परदेशी नोंदणीचं काम पोलीस आयुक्तालयात चालतं, अर्ज ऑनलाइन होतो.

एजंटाला एक रुपया देऊ नका. यूएनएचसीआर आणि रेडक्रॉस अशा कामाचे पैसे घेत नाहीत. जो पैसे मागतो तो त्यांचा माणूस नव्हे.

माइनकाठ

मी गेली बरीच वर्षं जर्मनीत आहे. पेशाने वकील नाही, पण इथल्या एका सल्ला केंद्रात शनिवारी दुभाषी म्हणून बसते, त्यामुळे अशा फायली पाहिल्यात. शेजारीणताई, सगळ्यात आधी एकच विचारा : आईच्या पत्रावर नेमका कोणता दर्जा लिहिलाय?

जर्मनीत संरक्षणाचे प्रकार आहेत. पूर्ण निर्वासित दर्जा असेल तर अल्पवयीन मुलाला बोलावण्याचा हक्क आहे. दुय्यम संरक्षण असेल तर २०२५ च्या जुलैपासून दोन वर्षांसाठी कुटुंबाला बोलावणं थांबवलंय, अगदी अपवादात्मक प्रकरणं सोडून. एका शब्दाने सगळं बदलतं, आणि आनंदाच्या भरात लोक तो शब्द वाचतच नाहीत. अफगाण बायकांच्या बाबतीत आशा जास्त आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की अफगाण स्त्रीला निर्वासित ठरवताना तिचं स्त्री असणं आणि अफगाण नागरिक असणं पुरेसं धरता येतं, प्रत्येकीने स्वतःवरचा वेगळा धोका सिद्ध करायची गरज नाही.

पूर्ण दर्जा असेल तर पुढचं वाक्य भिंतीवर लावा. मान्यता मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा. या मुदतीत अर्ज झाला तर आईला पगार किती, घर किती खोल्यांचं, हे दाखवावं लागत नाही. मुदत चुकली तर दाखवावं लागू शकतं, आणि नुकतीच भाषा शिकू लागलेली बाई ते कुठून दाखवणार? दूतावासाची वेळ तीन महिन्यांत मिळणं कठीण, म्हणून सोय अशी की जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर "आम्ही अर्ज करणार आहोत" अशी सूचना भरायची. तेवढ्याने मुदत पाळली असं धरतात. ही सूचना जर्मनीत बसून आईसुद्धा भरू शकते. भरली की पावतीची छापील प्रत काढून ठेवा, फोनमधल्या फोटोवर राहू नका.

वयाचं म्हणाल तर तो अठराचा व्हायच्या आत व्हिसा हातात पडला पाहिजे असं नाही. १ ऑगस्ट २०२२ च्या युरोपीय न्यायालयाच्या निकालाप्रमाणे, आईने आश्रयासाठी अर्ज केला त्या दिवशी मूल अठराच्या आत होतं का, हे बघतात. पण त्यातही मान्यतेनंतर तीन महिन्यांत पाऊल उचललेलं असावं लागतं. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. नुसतं जन्माचं नातं पुरत नाही, खरंखुरं नातं टिकून आहे हे दिसायला हवं. मात्र दोघं एका घरात राहत होती असं दाखवायची गरज नाही, अधूनमधून भेटी आणि नियमित संपर्क पुरतो. तुम्ही लिहिलंय की रोज रात्री कॉल असतो. त्या कॉलच्या याद्या, पाठवलेले फोटो, आईने पाठवलेले पैसे, सगळं जपून ठेवा.

बाणेरबाबू

बापरे, केवढी माहिती. माइनकाठ तै, _/\_

एक शंका. मुलगा दहावीला आहे म्हणताय. बोर्डाची परीक्षा तोंडावर. माझ्या मते मार्च होऊ दे, निकाल लागू दे, मग शांतपणे कागदांकडे बघा. वर्ष वाया जायला नको. हातात मार्कशीट असली की कुठेही उपयोगी पडते.

माइनकाठ

बाबूकाका, आदर राखून सांगते, असं केलंत तर खेळ खलास. अर्ज म्हणजे विमान नव्हे. आज सूचना भरली तरी दूतावासाची वेळ, कागदांची तपासणी, इथल्या परदेशी नागरिक कार्यालयाची संमती यात त्याची दहावी आरामात होईल, कदाचित अकरावीही. पण मुदत मार्चची वाट बघत नाही. पोराला अभ्यास करू दे, पोर्टल मोठ्यांनी भरायचं.

बाणेरबाबू

समजलं. माझे शब्द मागे.

जर्मनवाली_मॅडम

पुण्यात जर्मन शिकवते. मॅक्स म्युलर भवनाच्या कृपेने या शहरात दर तिसऱ्या घरात एक 'गुटन टाग' म्हणणारा सापडतो, त्यामुळे भाषेची मदत मिळेल, काळजी नको. आईचं पत्र (नाव झाकून) व्यक्तिगत निरोपाने (व्यनिने) पाठवा, कोणता दर्जा आहे ते मी वाचून सांगते.

पण एक स्पष्ट करते. दूतावासाला द्यायचं भाषांतर माझ्यासारखीने केलेलं चालणार नाही. मी अनुवाद करते, शपथबद्ध अनुवादक नाही. आणि यांचे कागद दारीत, म्हणजे अफगाण फारसीत, असणार. तज्किरा म्हणजे त्यांचं ओळखपत्र, त्यावरची जन्मतारीख हिजरी सौर वर्षात असते. जुन्या तज्किरावर तर "अमुक साली इतक्या वर्षांचा" एवढंच असतं, तारीख नसते. मग पासपोर्टवर एक तारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, यूएनएचसीआरच्या कार्डावर १ जानेवारी. तिन्ही वेगळ्या निघाल्या तर लपवू नका, सोबत एक पान जोडून कारण लिहा. दारीतून जर्मनमध्ये शपथबद्ध अनुवाद करणारे जर्मनीत बरेच आहेत, ते काम आईकडे द्या.

कोंढव्याची_शेजारीण

सगळ्यांचे खूप आभार. मॅडमनी पत्र वाचलं. पूर्ण निर्वासित दर्जा आहे! आईने अर्ज केला तेव्हा मुलगा पंधराचा होता. मुदतीतला एक महिना मात्र कुणाच्या लक्षात न येता गेलाय. मावशीने आणि आईने मिळून काल रात्री पोर्टलवर सूचना भरली, पावती आली. यूएनएचसीआरचं कार्डही आहे. मॅडम म्हणाल्या तसंच, जन्मतारीख १ जानेवारी!

आता वडिलांच्या संमतीचं काय करायचं?

काळा_कोट

जर्मन कायद्याचं माइनकाठ सांगतील. इथल्या बाजूने बघायचं तर तुमच्यासमोर दोन गोष्टी आहेत : वडील बेपत्ता असल्याचं मावशीचं आणि आईचं शपथपत्र, आणि त्यांना शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केल्याचा पुरावा.

काही लोक म्हणतील, १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली पुण्याच्या न्यायालयातून मावशीला पालक नेमून घ्या. अर्ज करता येतो, मूल जिथे राहतं तिथल्या न्यायालयाला अधिकार असतो. पण मी लगेच तो सल्ला देणार नाही. एक तर वेळ. दुसरं म्हणजे मुलाला आईकडे जायचंय आणि तुम्ही कोर्टाकडून मावशी पालक असल्याचा कागद आणताय. तो कागद पुढे उलटा प्रश्न उभा करू शकतो. दूतावासाने मागितलाच तर बघू.

माइनकाठ

सहमत. इथला नियम असा की मूल एकाच पालकाकडे येत असेल तर दुसऱ्या पालकाची संमती किंवा सक्षम अधिकाऱ्याचा निर्णय बघतात. वडील बेपत्ता असतील तर तसं सविस्तर लिहायचं : शेवटचा संपर्क कधी, कुणामार्फत, त्यानंतर कुणाकुणाला विचारलं. "पत्ता नाही" या दोन शब्दांवर भागवू नका. आणि वडील वारले असं सोयीसाठी लिहायचा मोह कुणी देईल (एजंट हमखास देतात), तो टाळा. उद्या माणूस जिवंत सापडला तर मुलाची फाईल खोटी ठरते.

जुना_स्वयंसेवक

इथे माझा अनुभव कामाला येईल. रेडक्रॉसमध्ये बरीच वर्षं काम केलंय, भूकंप, पूर आणि मधूनमधून हे हरवलेल्यांचं काम.

जिनिव्हात रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीची एक मध्यवर्ती शोध संस्था आहे. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्धात बाझल गावात सुरू झालेल्या कचेरीतून ती वाढली. आज देशोदेशींच्या रेडक्रॉस आणि रेड क्रेसेंट संस्था तिच्याशी जोडलेल्या आहेत, आपली भारतीय रेडक्रॉस सोसायटीही. शोध अर्ज भरायचा : नाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव, गाव, शेवटचं ठिकाण, ओळखीची खूण. अफगाणिस्तानात ही समिती १९८७ पासून सलग काम करतेय, सरकारं बदलली तरी हलली नाही. युरोपात पोचलेल्यांसाठी एक फोटोंची यादी २०१३ पासून आहे. त्यात शोधणाऱ्याचा फोटो छापतात, "मी माझ्या भावाला शोधतोय" असा, आणि शोधणाऱ्याचं नाव देत नाहीत. रवांडात १९९४ नंतर लाखाहून जास्त एकट्या पडलेल्या मुलांची नोंद झाली होती. अगदी लहान पोरांना गावाचं नावही सांगता येत नव्हतं, मग त्यांचे फोटो फलकांवर लावून आईबापांना बोलावलं.

हा माणूस सैन्यात होता म्हणालात, म्हणून मुद्दाम सांगतो. मुलाने किंवा मावशीने फेसबुकवर वडिलांचा फोटो आणि नाव टाकून शोध घेऊ नये. ते जिवंत असून लपलेले असतील तर जिवावर बेतेल. रेडक्रॉस तुमच्या संमतीशिवाय माहिती कुठल्याही सरकारला देत नाही. माणूस सापडला तरी "तुमचा पत्ता घरच्यांना देऊ का" असं आधी त्याला विचारतात. तो नको म्हणाला तर देत नाहीत. निरोप पाठवायचा तर फक्त घरगुती खुशाली चालते, राजकारणाचं अवाक्षर नको.

या अर्जाची पोच दूतावासाच्या फायलीत लावा. वडिलांना शोधल्याचा याहून चांगला कागद मला तरी माहीत नाही.

पंचगंगा

अवांतर होईल, पण राहवत नाही. आम्ही कोल्हापूरचे. वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास लोक, बहुतेक बायका आणि मुलं. रशियाने सैबेरियात हाकललेली ही माणसं इराणमार्गे इथवर आली. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेबांनी (तिथल्या महाराजांनी) ठेवलेली अनाथ मुलंही १९४६ मध्ये ती छावणी बंद झाल्यावर वळिवड्यालाच आली.

युद्ध संपलं तेव्हा प्रश्न हाच होता : पोरं कुणाकडे जाणार? अनेकांचे बाप आणि भाऊ जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यातून इटलीत लढलेले, आणि कम्युनिस्ट पोलंडमध्ये परत जायला तयार नसलेले. ब्रिटनने १९४७ मध्ये कायदा करून त्या सैनिकांना ठेवून घेतलं आणि मग त्यांची बायकापोरं मुंबईहून बोटीने इंग्लंडला गेली. ज्यांचं कुणीच नव्हतं त्यांना जबरदस्तीने परत पाठवू नये म्हणून जामसाहेबांनी, छावणीतल्या पाद्रीबाबांनी आणि एका इंग्रज अधिकाऱ्याने कागदोपत्री दत्तक घेतलं, अशी हकीकत आहे.

आजी सांगायची, छावणीच्या बाजारात वांगी विकणाऱ्या बायका पोलिश आकडे बोलायच्या. तेव्हा सरळसोट, हे काही आपल्याकडे नवीन नाही.

सरळसोट

वळिवड्याचं माहीत नव्हतं. ठीक. पण त्यांना ठेवलं होतं संस्थानिकांनी आणि इंग्रजांनी, पैसेही बाहेरून येत होते. आजचा प्रश्न वेगळा आहे हे माझं मत कायम. मुलाला आईकडे पाठवायला मात्र माझा विरोध कधीच नव्हता.

पिंपरी_कॅम्प

मी सिंधी, जन्म पिंपरी कॅम्पातला, मराठी शाळेतून शिकलो. मला एक वेगळंच विचारायचंय. इथे सगळे आई, मावशी, वडील, दूतावास बोलताहेत. मुलाला काय हवंय?

फाळणीनंतर आमच्या लोकांत ताटातूट झालेली कितीतरी घरं होती. रेडिओवर नावं वाचून दाखवायचे, अमका अमक्याला शोधतोय म्हणून. ती चांगली बाजू. दुसरी बाजू अशी की १९४९ मध्ये सरकारने पळवलेल्यांना परत आणायचा कायदा केला. सोळा वर्षांखालचा मुलगा आणि कोणत्याही वयाची बाई, पोलिसांनी आणायचं, वाद झाला तर न्यायाधिकरणाने ठरवायचं कोण कुठल्या देशाचं. त्या बाईला किंवा पोराला जायचंय का, याला कायद्यात किंमत नव्हती. कित्येकजणी नको नको म्हणत असताना पाठवल्या गेल्या. ज्या घरी पाठवल्या त्यातल्या काही घरांनी दार उघडलं नाही. तो कायदा १९५७ पर्यंत चालला. पाठवणाऱ्यांची भावना हीच होती की आपल्या माणसांत पोचवतोय.

हा पोरगा बारा ते सोळा मावशीच्या हाताखाली वाढलाय. त्याच्यासाठी आता घर कोणतं?

माइनकाठ

पिंपरी_कॅम्प, हा प्रश्न खरं तर माझ्या पहिल्या प्रतिसादात असायला हवा होता.

बालहक्क कराराचं कलम १२ हेच सांगतं, मुलाचं म्हणणं ऐकायचं आणि वयाप्रमाणे त्याला वजन द्यायचं. यूएनएचसीआरकडे 'मुलाचं सर्वोत्तम हित' ठरवायची एक रीतसर पद्धत आहे, तीत मुलाशी एकट्याने बोलतात. मावशी खोलीत नसते, आई फोनवर नसते. कारण आईसमोर कुठला मुलगा म्हणेल की मला नाही यायचं? आणि मावशीसमोर कुठला म्हणेल की मला जायचंय? त्यांच्या भाषेत हा मुलगा 'एकटा' नाही, 'विलग झालेला' आहे : पालक जवळ नाहीत, पण नातेवाईक आहे. त्यामुळे नातेवाईकाशी त्याचं काय जमलंय हेही बघितलं जातं.

आता शेजारीणताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कुणीच दिलं नाही म्हणून मीच देते. मावशीला त्याच्याबरोबर जाता येणार नाही. या हक्कात नवरा, बायको, अल्पवयीन मुलं येतात, आणि अल्पवयीन निर्वासिताचे आईवडील. मावशी, काका, आजी हे 'इतर नातेवाईक'. त्यांच्यासाठी असाधारण हालअपेष्टा टाळण्यापुरती एक खिडकी आहे, ती प्रत्यक्षात जवळजवळ बंद असते. म्हणजे ज्या बाईने चार वर्षं पोर सांभाळलं ती कायद्याच्या हिशोबात कुणीच नाही. मला हा कायदा पटत नाही. आणि जर्मनी तरी बरी! ब्रिटनमध्ये एकट्याने पोचलेल्या निर्वासित मुलाला स्वतःच्या आईवडिलांनासुद्धा बोलावता येत नाही, तशी तरतूदच नाही. कॅनडातही मुलाच्या अर्जात आईबाप 'अवलंबून' म्हणून बसत नाहीत.

मावशीचा मार्ग वेगळा आहे. ती पीएचडी करतेय ना? संशोधक म्हणून, शिष्यवृत्तीवर, स्वतःच्या हिमतीवर जर्मनीला अर्ज करता येईल. पण तो तिचा निर्णय, आणि भाच्याच्या फायलीत तो मिसळू नका.

मध्यरात्रीचा_चहा

आपल्याकडे मावशीकडे वाढलेली पोरं किती असतील. माझी शाळेची सगळी कागदपत्रं मावशीच्या पत्त्यावर आहेत. वाचून कसंतरी झालं.

कोंढव्याची_शेजारीण

उशीर झाला, माफ करा.

पिंपरी_कॅम्प, तुमचा प्रतिसाद मी मावशीला हिंदीत वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, मी त्याला कधी विचारलंच नाही, मला वाटलं विचारणं म्हणजे त्याला जा म्हणणं. यूएनएचसीआरच्या माणसांनी फोनवर वेळ दिली आणि मुलगा आमच्या घरी बसून, दार लावून त्यांच्याशी बोलला. आमच्याच घरी, कारण त्यांच्याकडे एकच खोली. मी आणि मावशी खाली बाकावर.

काय बोलला ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मावशीला एवढं सांगितलं की जायचंय, पण दहावी देऊन. आणि आईला सोडून येऊन पाच वर्षं होतील, ती मला अजून बारा वर्षांचा समजते, व्हिडिओवर विचारते दात घासलेस का. धाकट्या बहिणीला फारसी नीट येत नाही, ती जर्मन बोलते, तिच्याशी काय बोलू? हे सगळं मराठीत सांगत होता बरं का, शाळेतलं मराठी, "काय बोलू तिच्याशी यार".

जर्मनवाली_मॅडम

बहिणीशी बोलण्याची सोय मी करते. आठवड्यातून दोन संध्याकाळ पाठवा माझ्याकडे. फी नाही. परीक्षा झाल्यावर सुरू करू, नाहीतर बाबूकाका रागावतील.

बाणेरबाबू

:)

बीजगणिताला काही अडलं तर माझ्याकडे पाठवा. शनिवारी मोकळा असतो.

कोंढव्याची_शेजारीण

मॅडम, काका, निरोप दिला. बीजगणिताचं नाव काढल्यावर चेहरा पडला, म्हणजे गरज आहे.

आता दोन प्रश्न. दिल्लीच्या अफगाण दूतावासातून पासपोर्ट वाढवून मिळेल का? आणि डीएनए चाचणीचं पत्र येईल म्हणतात, ती पुण्यातल्या कुठल्याही लॅबमध्ये करून ठेवली तर वेळ वाचेल का?

माइनकाठ

डीएनए आधी करून ठेवू नका, पैसे वाया जातील. तुम्ही परस्पर केलेला अहवाल धरत नाहीत. चाचणी ऐच्छिक असते, पण अफगाण जन्मदाखल्यांवर दूतावास विसंबत नाही, त्यामुळे नातं दाखवायला बहुतेक वेळा तीच लागते. मुलाचा नमुना दूतावासाने सांगितलेल्या डॉक्टरकडे, ओळख पटवून घेतात. आईचा इथल्या आरोग्य कार्यालयात. दोन्ही थेट प्रयोगशाळेत जातात, मध्ये कुणाच्या हातात पडत नाहीत. खर्च कुटुंबाचा.

आणि अर्ज मुंबईच्या वकिलातीत की दिल्लीच्या दूतावासात, हे ईमेलने लेखी विचारून घ्या. महाराष्ट्र मुंबईकडे येतो, पण अफगाण लोकांची कौटुंबिक प्रकरणं दिल्लीत बघितली जायची.

काळा_कोट

दिल्लीतला अफगाण दूतावास जुन्या सरकारच्या अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद केला. त्यानंतर कारभार तालिबानने नेमलेल्यांकडे जात गेला. ज्याचा बाप जुन्या सैन्यात होता त्या मुलाने तिथे नाव, पत्ता, आईचा ठावठिकाणा देत अर्ज करावा का, याचा निर्णय यूएनएचसीआरच्या वकिलाशी बोलूनच घ्या. पासपोर्ट मिळणं अशक्य किंवा धोक्याचं असेल तर जर्मन अधिकारी परक्या नागरिकासाठीचा प्रवास कागद देऊ शकतात. पण "का मिळत नाही" ते विचारतात, म्हणून त्याची कारणं लेखी तयार ठेवा.

शेवटचा टप्पा लोक विसरतात. जर्मन व्हिसा मिळाला म्हणजे विमानात बसता येतं असं नाही. मुलगा २०२१ मध्ये आजोबांचा सोबती म्हणून आला, तो व्हिसा कधीच संपलाय. भारतातून बाहेर पडायला परदेशी नोंदणी कार्यालयाचा परवाना लागेल. तो अर्ज ऑनलाइन करायचा. सोबत यूएनएचसीआरचं कार्ड, आईच्या दर्जाचं पत्र, जर्मन व्हिसा, आणि जादा राहण्याचा दंड माफ करावा अशी विनंती. परवाना हातात येईपर्यंत तिकीट काढू नका. तिकीट दाखवायला सांगितलं तर रद्द करता येणारं काढा. मुलाच्या जुन्या व्हिसाच्या पानाचा आणि दिल्ली विमानतळावरच्या प्रवेश शिक्क्याचा फोटो व्यनिने पाठवा, माफीच्या विनंतीचा मसुदा मी करून देतो.

कोंढव्याची_शेजारीण

पाठवला. शिक्का पुसट आहे, तारीख वाचता येत नाही. आजोबांच्या पासपोर्टवरचा स्पष्ट आहे, तो चालेल का?

काळा_कोट

चालेल, दोन्ही जोडू. आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि रुग्णालयात दाखल केल्याचे कागद असतील तर तेही द्या. मूल इथे कसं आणि का थांबलं हे त्यातूनच दिसतं.